ग्रेहाउंडचं प्रगतिपुस्तक

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ असा विषय सुचवला होता. तो मी हात जोडून परत केला. इथे बसलेल्या निम्म्या लोकांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग विचारलं गेलं, की तिकडे सुट्टीच्या दिवशी काय करतेस, त्यावर बोल. तर मी कुत्र्यांबद्दल बोलणार आहे. शर्यतीत धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांबद्दल, आणि पैज लावण्याआधी त्यांचा फॉर्म कसा पाहतात याबद्दल. बाई, आत्ताच कपाळाला आठ्या घालू नका. यात तुमचं गणित भरपूर आहे.

मी इंग्लंडमध्ये शेफील्डला राहते. पोलादाचं शहर. तिथे आउलर्टन नावाचं स्टेडियम आहे आणि १९३२ पासून तिथे कुत्र्यांच्या शर्यती होतात. माझ्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी होते, आता निवृत्त झालेत. त्यांचे वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला होते आणि आठवड्याचा पगार झाला की आउलर्टनला जायचे. ह्यांनी वडिलांकडून वारसा घेतला तो पैज लावण्याचा नाही, कार्ड वाचण्याचा. मी नवी होते, त्यांनी एका संध्याकाळी टीमला तिथे नेलं, माझ्या हातात कार्ड दिलं आणि म्हणाले, “तुला लॉग फाइल वाचता येते ना? मग हेही येईल.” खरंच तसंच आहे ते.

आधी खेळ थोडक्यात सांगते. ब्रिटनमध्ये या प्रकारची पहिली शर्यत २४ जुलै १९२६ला मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथे झाली आणि पहिला विजेता होता मिस्टली नावाचा कुत्रा. त्याआधी अमेरिकेत ओवेन स्मिथ या माणसाने विजेवर पळणारा बनावट ससा तयार केला होता, त्यामुळे खऱ्या सशाची गरज उरली नाही. एका शर्यतीत सहा कुत्रे. प्रत्येकाच्या पेटीला, म्हणजे ट्रॅपला, ठरलेला रंग: एक लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच केशरी आणि सहाला काळे-पांढरे पट्टे. वाळूचा ट्रॅक, डावीकडे वळत जायचं, साधारण ४८० मीटर अंतर आणि अर्ध्या मिनिटाच्या आत खेळ खलास. आपल्याकडे धनगरांच्या कळपामागे ती सडपातळ, खोल छातीची कारवानी कुत्री असतात ना, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली, अंगकाठी अगदी तशीच. नजरेने शिकार हेरायची आणि पळत सुटायचं, हाच दोघांचा धर्म.

आता कार्ड. प्रत्येक कुत्र्याच्या नावाखाली त्याच्या मागच्या पाच-सहा शर्यती, एकेका ओळीत. तारीख, अंतर, ट्रॅप, सुरुवातीच्या टप्प्याची वेळ, प्रत्येक वळणावर तो कितवा होता, शेवटी कितवा आला, किती लांबीने मागे राहिला, जिंकणाऱ्याची वेळ, त्या दिवशी ट्रॅक कसा होता, कुत्र्याचं वजन, भाव, श्रेणी आणि शेवटी हिशोबाने काढलेली वेळ. आणि मधे एक रकाना असतो शेऱ्याचा. तो सगळा संक्षेपात लिहिलेला असतो, पण अर्थ साधा आहे: ‘उशिरा निघाला’, ‘पहिल्या वळणावर कोंडला गेला’, ‘धक्का बसला’, ‘बाहेरून धावला’, ‘शेवटी जोर लावला’.

नवखा माणूस काय करतो? कितवा आला ते बघतो. एक, एक, दोन दिसलं की झाला खूश. आपल्या प्रगतिपुस्तकात घरचे पहिल्यांदा क्रमांकच बघायचे, तसं. पण कार्डावरचा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा कुठला असेल तर तो हाच.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यापुरते मांडतेय. समजा ‘अ’ नावाचा कुत्रा मागच्या शर्यतीत पहिला आला, वेळ २९.१० सेकंद. ‘ब’ दुसऱ्या दिवशीच्या शर्यतीत चौथा आला. तिथे जिंकणाऱ्याची वेळ २९.२४ आणि ब चार लांबी मागे. तिकडे कुत्र्याची एक लांबी म्हणजे ०.०८ सेकंद असा हिशोब धरतात. म्हणजे चार लांबींचे ०.३२, बची वेळ झाली २९.५६. अ जवळजवळ अर्ध्या सेकंदाने सरस, बरोबर? आता ट्रॅकचा रकाना बघा. अ धावला त्या दिवशी वाळू वेगवान होती, अधिक २०. म्हणजे ०.२० सेकंद मिळवायचे. अ झाला २९.३०. ब धावला त्या दिवशी पावसाने ट्रॅक जड होता, उणे ३०. म्हणजे ०.३० वजा. ब झाला २९.२६. चौथा आलेला कुत्रा पहिल्या आलेल्यापेक्षा अर्ध्या लांबीने वेगवान निघाला! आणि त्याच्या शेऱ्यात लिहिलंय, ‘पहिल्या वळणावर कोंडला गेला’. मोकळी वाट मिळाली असती तर?

इथे नवशिका दुसऱ्या टोकाला जातो. प्रत्येक हरलेल्या कुत्र्याला तो ‘बिचारा कोंडला गेला’ म्हणून माफ करायला लागतो. माझे सहकारी अशा वेळी कार्डावर बोट ठेवून त्याच कुत्र्याच्या वरच्या ओळी वाचायला लावायचे. उशिरा निघाला, कोंडला. उशिरा निघाला, धक्का. उशिरा निघाला, कोंडला. अहो, जो दर वेळी पेटीतून शेवटी बाहेर पडतो तो दर वेळी गर्दीत सापडणारच. एकदा घडलं तर नशीब. सहापैकी चारदा घडलं तर स्वभाव. सर, तुमच्याकडे रोज ‘सायकल पंक्चर झाली’ सांगणारा एक मुलगा होता. नाव घेत नाही, पहिल्या रांगेत बसलाय.

म्हणून खरं वाचन ओळीचं नसतं, पुढच्या शर्यतीच्या पहिल्या पाच सेकंदांचं असतं. सहा कुत्रे सरळ पट्ट्यावरून ताशी साठेक किलोमीटरच्या वेगाने पहिल्या वळणावर पोचतात. तिथे जो मोकळा असतो त्याचं अर्धं काम झालं. मग आपण डोळ्यांसमोर चित्र मांडायचं. सुरुवातीच्या टप्प्याची वेळ सगळ्यात चांगली कुणाची? तो कुठल्या ट्रॅपमध्ये आहे? कुणाला आतल्या कठड्याला चिकटून धावायची सवय आहे, कुणाला मधून, कुणाला बाहेरून? बाहेरून धावणाऱ्याच्या नावापुढे कार्डावर तशी खूण असते आणि त्याला शक्यतो पाच-सहाची पेटी देतात. पण मधल्या कुत्र्यांचं काय? चार नंबरचा बाहेर ओढणारा आणि पाच नंबरचा आत शिरणारा असेल, तर दोघं एकमेकांच्या वाटेत येणार आणि मागच्याचंही वाटोळं करणार. एखादा कुत्रा ऐनवेळी रद्द झाला आणि त्याची पेटी रिकामी राहिली, तर शेजारच्याला लॉटरी लागली म्हणा. त्याला सुटताना हात-दोन हात मोकळी जागा मिळते. हे कार्डावर लिहिलेलं नसतं, ते सहा ओळी एकमेकींवर ठेवून आपल्याला काढावं लागतं. मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

दुसरी गंमत श्रेणीची. रोजच्या शर्यतींना श्रेणी असतात, ए-१ वरची, मग ए-२, ए-३ असं खाली. जिंकला की वरच्या वर्गात, हरत राहिला की खालच्या. म्हणजे सलग जिंकून आलेला कुत्रा आज बहुधा त्याच्यापेक्षा तगड्यांसोबत धावतोय, आणि तीनदा पाचवा आलेला आज सोप्या वर्गात उतरलाय. तो का हरला ते महत्त्वाचं. दम संपला म्हणून, की तीनदा चुकीच्या पेटीतून सुटला म्हणून? हे सगळं ठरवणारा एक माणूस असतो, रेसिंग मॅनेजर. सहाही कुत्रे एकाच वेळी शेवटच्या रेषेवर यावेत अशी शर्यत जुळवणं हे त्याचं काम. म्हणजे बघा, आपण ज्या फरकाच्या शोधात असतो, तो फरक पुसण्याचा पगार कुणीतरी घेतोय आणि त्याला सगळे कुत्रे आपल्यापेक्षा जास्त ओळखू येतात.

वजनाचं मला सुरुवातीला फार कौतुक वाटलं. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचं वजन करतात आणि मागच्या वेळेपेक्षा एक किलोहून जास्त फरक आढळला तर त्याला धावू देत नाहीत. तीस किलोच्या प्राण्यात एक किलो! आपल्या बॅचला हा नियम लावला तर आज मंचावर कुणी दिसणार नाही. त्या मर्यादेच्या आतला चढउतार मात्र वाचणाऱ्याने वाचायचा. कोवळा, वाढीचा कुत्रा थोडा भरला तर चांगलं लक्षण. चार वर्षांचा अनुभवी भरला तर सराव कमी पडलाय का बघा. मादी माजावर आली की काही आठवडे तिला शर्यत बंद, आणि ती तारीख कार्डावर छापतात, कारण परतल्यावर काही महिन्यांनी तिचा फॉर्म उसळतो असं जुने लोक मानतात. अगदी परेडमध्ये कुत्रा शी करतो का याकडेही डोळे लावून बसणारे आहेत. हलका झाला, आता पळणार! मी त्यावर कधी पैसे लावले नाहीत, पण बघते मात्र.

एवढं सगळं करून तुमचा कुत्रा ठरला, तरी पैज लावायची वेळ आलेली नसते. आता भाव. बाई, संभाव्यतेचा धडा. एकास तीन भाव म्हणजे बुकीच्या मते चारांत एकदा जिंकणारा कुत्रा, २५ टक्के. समजा सहा कुत्र्यांचे भाव आहेत एकास दोन, तीन, चार, पाच, सहा आणि आठ. टक्के काढा: ३३.३, २५, २०, १६.७, १४.३ आणि ११.१. बेरीज शंभर यायला हवी. येते १२०. वरचे वीस बुकीचे. तुम्ही सहाही कुत्र्यांवर त्या प्रमाणात मिळून १२० पौंड लावले, तर कुणीही जिंको, तुमच्या हातात शंभर परत येणार. म्हणजे नुसतं इतरांपेक्षा बरं ओळखून भागत नाही, ती वीसची टेकडी चढून वर जाण्याइतकं बरं ओळखावं लागतं.

माझ्या सहकाऱ्यांची रीत अशी होती. भावाचा फलक बघायच्या आधी आपल्या वहीत सहाही कुत्र्यांची टक्केवारी लिहायची, बेरीज शंभर. मग मान वर करायची. आपल्या मते तीनांत एकदा जिंकणारा कुत्रा एकास चार भावाने मिळत असेल तर दोन पौंड लावायचे. तोच कुत्रा एकास दीडने असेल तर वही मिटायची, चहा घ्यायचा, भले तो जिंको. संध्याकाळी बारा-चौदा शर्यती असायच्या आणि ते दोन किंवा तीन वेळा खिशात हात घालायचे. एखाद्या दिवशी एकदाही नाही. मी विचारलं, मग येता कशाला? तर म्हणाले, वाचायला.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शर्यती थांबल्या, १ जूनला प्रेक्षकांविना सुरू झाल्या. मधले दोन महिने मी घरात बसून एक प्रोग्रॅम लिहिला. जुने निकाल भरले, वेळा ट्रॅकनुसार सारख्या केल्या, शेऱ्यांचे संक्षेप सोडवले. इंजिनिअरचा हात, गप्प बसवत नाही. जमलं काय? सुरुवातीच्या टप्प्याची वेळ आणि पेटीची जागा या दोन गोष्टी बाकी सगळ्यांपेक्षा जड निघाल्या, जे आमच्या सहकाऱ्यांना वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आणि प्रोग्रॅमची पहिली पसंती बहुतेक वेळा बाजाराच्या फेव्हरिटशीच जुळायची. फेव्हरिट जिंकतो साधारण तीनांत एकदा. इतकं वाचून, इतकं यंत्र चालवून, तीनांत दोनदा दुसराच कुणीतरी पुढे. हे ज्याला बसल्या जागी पचतं त्यानेच या वाटेला जावं.

ज्याला पचलं नाही असा एक मुलगा मी जवळून पाहिला. आमच्याच टीममधला, पंचवीस-सव्वीसचा, हुशार. स्टेडियममध्ये कधी गेलेला नाही, सगळं फोनवर. तिकडे दिवसा उजेडीसुद्धा शर्यती होतात, त्या मुख्यतः बुकींच्या दुकानांसाठी आणि ॲपसाठी. एका ट्रॅकची संपेपर्यंत दुसऱ्या ट्रॅकची सुरू, दर काही मिनिटांनी एक. पगार पंधरा तारखेपर्यंत पुरेना, मग त्याने मला उसने मागितले. मी त्याला जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांसमोर बसवलं. त्यांनी उपदेश वगैरे केला नाही. फक्त विचारलं, आज सकाळी लावलेल्या कुत्र्यांपैकी एकाचा तरी शेरा सांग. त्याने कार्ड कधी उघडलंच नव्हतं. रंग बघून बोट लावत होता. कार्ड उघडायला वेळ कुठे होता? दोन शर्यतींमधलं अंतरच ठेवलेलं नव्हतं. आउलर्टनला पंधरा मिनिटं मिळतात, त्यात माणूस वाचतो, शेजाऱ्याशी वाद घालतो, लघवीला जाऊन येतो आणि तेवढ्यात कधी कधी विचार बदलतो. फोनने ती पंधरा मिनिटं काढून घेतली आणि फक्त बोट ठेवलं.

तिकडे गॅमस्टॉप नावाची व्यवस्था आहे. एकदा नाव नोंदवलं, की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्या तुम्हाला ठरलेल्या मुदतीपर्यंत खेळू देत नाहीत. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. त्याने पाचवर टिचकी मारली, आमच्या समोर. उसने मी दिले नाहीत, घरभाडं मात्र त्याच्या घरमालकाला परस्पर भरलं. ते त्याने वर्षभरात फेडलं. भारतातही ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला. पण आपल्यापैकी ज्यांच्या घरात कॉलेजची मुलं आहेत त्यांना हा मुलगा अनोळखी वाटला नसणार.

आता घरातल्या कुत्रीबद्दल. निवृत्त ग्रेहाउंड दत्तक देणाऱ्या संस्था तिकडे आहेत. तीन वर्षांपूर्वी आम्ही एक आणली, काळी, जन्म आयर्लंडचा, दोन्ही कानांत गोंदलेले क्रमांक. शर्यतीतलं नाव लांबलचक, आम्ही तिला चिंगी म्हणतो. तिच्या सगळ्या शर्यती नोंदलेल्या होत्या, त्या मी साहजिकच काढून वाचल्या. सुरेख निघायची, बहुतेक वेळा पहिल्या वळणावर पहिली किंवा दुसरी. तीन नंबरची पेटी तिला मानवायची नाही. मग शेवटची ओळ. वेळ नाही, क्रमांक नाही. शेरा: पहिल्या वळणावर पडली. मागच्या पायाचं हाड तिथेच मोडलं.

मी शेकडो कार्डांवर ज्या वळणाचं चित्र मांडलं, कोण कुणाला कोंडणार याचा हिशोब केला, ते हेच वळण. तिकडे यावरून मोठा वाद चालू आहे. खेळाची नियामक संस्था २०१८ पासूनचे दुखापतींचे आकडे दरवर्षी जाहीर करते. विरोधक म्हणतात, आकडे जाहीर केल्याने हाडं जुळत नाहीत. न्यूझीलंडने डिसेंबर २०२४ मध्ये बंदी जाहीर केली, वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर जे कोर्टकज्जे झाले, आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी कायम ठेवली, तेव्हा गावागावांत झालेली भांडणं आठवा, सूर तोच. माझं मत विचाराल तर सरळ पट्ट्यावरच्या शर्यती ठेवा, वळणं काढा. हे मी सहकाऱ्यांना बोलले तेव्हा ते म्हणाले, मग वाचायला काय उरेल? त्यांचं म्हणणं खोटं नाही. माझंही नाही. चिंगी आल्यापासून मी आउलर्टनला गेलेली नाही, ते मात्र दर आठवड्याला जातात आणि येताना तिच्यासाठी सॉसेज आणतात.

चिंगी दिवसातले सोळा-सतरा तास सोफ्यावर झोपते. शर्यतीतल्या कुत्र्यांना जिना ठाऊक नसतो, तो चढायला तिला आम्ही दोन आठवडे शिकवलं. पाऊस असला की दारातूनच मागे फिरते. मात्र बागेत खार दिसली की पहिले पाच सेकंद बघण्यासारखे असतात, लंगडी असूनसुद्धा.

बस, माझी वेळ झाली, सर घड्याळ बघतायत. एका जुन्या शर्यतीच्या कार्डाच्या तीस झेरॉक्स आणल्या आहेत, शेऱ्यांचे अर्थ मागच्या बाजूला मराठीत लिहिलेत. जेवणाच्या रांगेत उभं राहून वाचा, सहाही कुत्र्यांची टक्केवारी लिहा, बेरीज शंभर यायला हवी, बाई तपासणार आहेत. निकाल माझ्या पर्समध्ये आहे, संध्याकाळी सांगते. पैज एका जिलबीची, त्याहून जास्त नाही. आणि एक खूण देऊन ठेवते: दोन नंबरची पेटी रिकामी आहे.